जुन्या टी-शर्टांची गोधडी : ऊब द्यावी, विष देऊ नये



जुना कपडा टाकून देणे आपल्या आया-आज्यांना ठाऊक नव्हते. लुगडे विरले की त्याची गोधडी होई, धोतर विरले की बाळाचे दुपटे होई, आणि शेवटी जे उरे त्याचे पोतेरे होई. ह्या गोधडीला कोणी वाकळ म्हणतात. आपले तेलुगू शेजारी तिला बोंत म्हणतात, बिदरकडचे कानडी लोक कौदी म्हणतात. मराठवाडा, बिदर आणि हैदराबाद १९५६ पर्यंत एकाच राज्यात होते. माणसे कामासाठी, लग्नासाठी इकडून तिकडे गेली, तशी ही रीतही गेली.

आता घरात लुगडी कमी आणि टी-शर्ट फार, अशी स्थिती आहे. बियाण्याची कंपनी टी-शर्ट वाटते, औषधाची कंपनी वाटते, निवडणुकीत पक्ष वाटतात, क्रिकेटच्या सामन्यात पोरांना मिळतात. दोन वर्षांत त्यांचा गळा सैल होतो, काखेत फाटतात, आणि मग ते खुंटीवर किंवा पेटीच्या तळाशी पडून राहतात. बोहारीणसुद्धा त्यांच्या बदल्यात धड वाटी देत नाही. पुष्कळ भगिनी विचारतात की ह्यांची गोधडी होते का? होते, आणि चांगली होते. पण ह्याच टी-शर्टांपैकी काही अंगात घालून आपण कपाशीवर फवारणी केलेली असते. म्हणून ह्या पाठात दोन गोष्टी पाहू : गोधडीत कोणता कपडा घ्यावा, आणि ती कशी शिवावी. पहिली गोष्ट दुसरीपेक्षा महत्त्वाची आहे.

१. गोधडीची गरज

हैदराबादच्या आसपास डिसेंबर-जानेवारीत पहाटेचा पारा बारा-तेरा अंशांपर्यंत उतरतो. आदिलाबादकडे त्याहूनही खाली जातो. पत्र्याच्या घरात, शेतातल्या खोपीत, राखणीला झोपणाऱ्या माणसाला ही थंडी झोंबते. म्हाताऱ्या माणसांचे आणि तान्ह्या मुलांचे शरीर लवकर गार पडते. त्यांना खोकला, दमा, सांधेदुखी ह्यांचा त्रास थंडीत वाढतो.

थंडी घालवण्यासाठी काही घरांत कोळशाची शेगडी खोलीत ठेवून दार-खिडक्या बंद करतात. हे फार धोक्याचे आहे. जळत्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. झोपलेला माणूस जागा न होताच दगावतो. बंद खोलीत शेगडी कधीही ठेवू नये. ऊब अंथरुणा-पांघरुणातूनच मिळवावी.

गोधडी स्वतः गरम नसते. तिच्या थरांमध्ये हवा अडकून राहते आणि ती अंगाची ऊब बाहेर जाऊ देत नाही. म्हणून एका जाड थरापेक्षा तीन-चार पातळ थर अधिक ऊब देतात. टी-शर्टचे कापड ह्या कामाला चांगले, कारण त्याच्या बारीक फाशांत हवा धरून राहते.

२. फवारणीचा कपडा गोधडीत नको

आदिलाबादला लागून असलेल्या यवतमाळ जिल्ह्यात २०१७ साली कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर मरण पावले. शेकडो लोकांना रुग्णालयात न्यावे लागले. तेव्हा सर्वांना कळले की विष केवळ तोंडावाटे जात नाही. ते श्वासातून जाते आणि ओल्या कपड्यातून, कातडीतूनही आत उतरते. कपाशीवर वापरली जाणारी ऑर्गनोफॉस्फेट गटातील औषधे ह्याच प्रकारची आहेत.

आता विचार करा. फवारणीचा टी-शर्ट एकदोनदा धुतला, वास गेला, म्हणून तो गोधडीत घातला. ती गोधडी लेकराच्या अंगावर रोज रात्री आठ तास राहते. अंगाची ऊब आणि घाम तिला लागतो. लहान मूल तिचे टोक तोंडात धरून चोखते. मुलाची कातडी नाजूक असते आणि त्याचे वजन कमी असल्याने थोडे विषही त्याला जास्त होते. वास गेला म्हणजे विष गेले, असे समजू नये. शिवाय एकदा थरांत शिवला की तो कपडा कोणता होता, हे पुढे कोणालाच आठवत नाही. म्हणून पुढील नियम पाळावेत.

(अ) फवारणीचे कपडे पहिल्या दिवसापासून वेगळे ठेवावेत. त्यांच्यासाठी घराबाहेर वेगळी खुंटी असावी, आणि कपड्याच्या आतल्या बाजूला रंगीत दोऱ्याची ठळक फुली मारावी. फुली असलेला कपडा गोधडीत, दुपट्यात, लंगोटात किंवा स्वयंपाकघरातल्या फडक्यात कधीही जाऊ नये.

(आ) हे कपडे घरच्या कपड्यांबरोबर भिजवू नयेत. हातात रबरी मोजे घालून, गरम पाण्यात साबणाने वेगळे धुवावेत, दोनदा खळबळावेत आणि कडक उन्हात वाळवावेत. नंतर ती बादलीही साबणाने धुवावी. विहीर, ओढा किंवा जनावरांच्या हौदाजवळ हे धुणे करू नये.

(इ) बाटलीतले पाणी न मिसळलेले औषध ज्या कपड्यावर सांडले, तो धुऊन वापरण्याचा प्रयत्नच करू नये. कोणी उचलून घालू नये म्हणून त्याचे तुकडे करावेत आणि वस्ती व पाण्यापासून दूर खोल पुरावेत. चुलीत जाळू नये, कारण धुरातूनही विष पसरते.

(ई) औषध कंपनीने फुकट दिलेला टी-शर्ट नवा असेल, फवारणीत वापरलेला नसेल, तर त्याला दोष नाही. प्रश्न त्यावरच्या नावाचा नसून तो घालून काय काम केले, ह्याचा आहे. ज्याबद्दल खात्री नाही, तो मात्र बाजूलाच ठेवावा. हाच नियम बाजारातून घेतलेल्या जुन्या कपड्यांनाही लावावा. हैदराबादच्या जुमेरात बाजारात स्वस्त जुने कपडे मिळतात, पण ते कोणी कशासाठी वापरले हे विकणाऱ्यालाही माहीत नसते. अंथरुणासाठी आपल्या घरचा, ओळखीचा कपडाच बरा.

फवारणीनंतर डोके दुखणे, मळमळ, उलटी, फार घाम, तोंडाला पाणी सुटणे, अंधुक दिसणे, हातपाय थरथरणे, ह्यांपैकी काही दिसले तर माणसाचे कपडे उतरवावेत. अंग साबणाने धुवावे आणि औषधाची बाटली किंवा तिच्यावरचा कागद बरोबर घेऊन ताबडतोब सरकारी दवाखाना गाठावा. घरगुती उपायांत वेळ घालवू नये.

३. सुती की पॉलिएस्टर?

सुती टी-शर्ट घाम शोषतो, म्हणून अंगाशी येणाऱ्या बाजूला तोच हवा. खेळाचे चकचकीत टी-शर्ट बहुधा पॉलिएस्टरचे असतात. ते घाम शोषत नाहीत, आणि ठिणगी पडली तर वितळून कातडीला चिकटतात. चुलीजवळ किंवा दिव्याजवळ झोपणाऱ्या घरात ही जोखीम घेऊ नये.

पारख सोपी आहे. शिवणीच्या आतून चार धागे काढावेत, चिमट्यात धरावेत आणि पाण्याच्या ताटलीवर, मुलांपासून दूर, काडी लावून पाहावे. सूत कागदासारखे जळते, जळक्या कागदासारखा वास येतो आणि मऊ राख पडते. पॉलिएस्टर आकसते, वितळते आणि त्याचा कडक मणी होतो. मिश्र कापडात दोन्ही खुणा दिसतात. मणी होणारे कापड पायपुसण्याला किंवा बाहेर अंथरायच्या बैठकीला वापरावे.

छातीवर मोठे रबरी चित्र असेल तर तेवढा भाग हवा जाऊ देत नाही. तो पायाकडच्या ओळीत लावावा किंवा कापून टाकावा.

४. कापडाची तयारी

लुगड्याचे कापड मागावर उभ्या-आडव्या धाग्यांनी विणलेले असते, म्हणून ते ताणले जात नाही. टी-शर्टचे कापड स्वेटरसारखे फाशांनी विणलेले असते. ते रुंदीत फार ताणते, आणि कापले की त्याची कड गुंडाळते. केवळ टी-शर्टांची गोधडी केली तर दोन धुण्यांत ती पिशवीसारखी लोंबते. म्हणून तिला खाली आणि आत विणीच्या कापडाचा आधार द्यावा. जुनी सुती लुगडी, धोतरे, चादरी ह्या कामाला उत्तम.

प्रभू येशूने ह्याच गोष्टीचा दाखला दिला होता. जुन्या वस्त्राला कोऱ्या कापडाचे ठिगळ लावले तर ते आकसते, जुने ओढते आणि फाटलेले अधिकच फाटते (मत्तय ९:१६). ऐकणाऱ्यांच्या घरात शिवणटिपण रोज चाले, म्हणून त्यांना ते लगेच पटले असणार. आपणही लक्षात ठेवावे : जो कपडा गोधडीत जायचा, तो आधी गरम पाण्यात धुऊन, काय आकसायचे ते आकसू देऊन, मगच कापावा. नवा आणि जुना कपडा न धुता एकत्र शिवू नये.

कड गुंडाळू नये म्हणून टी-शर्ट भाताच्या पातळ कांजीत बुडवून वाळवावेत आणि उलट्या बाजूने इस्त्री करावी. कापड कागदासारखे ताठ होते व सरळ कापता येते. शिवून झाल्यावर पहिल्याच धुण्यात कांजी निघून जाते. ती राहू देऊ नये, नाहीतर झुरळे व उंदीर लागतात.

५. माप

एका मोठ्या माणसाच्या गोधडीचे माप ५६ इंच रुंद व ८४ इंच लांब धरावे. त्यासाठी १५ इंची चौकोन कापावेत. अर्धा-अर्धा इंच शिवणीत गेला की १४ इंच उरतात. रुंदीत ४ आणि लांबीत ६, असे २४ चौकोन लागतात. एका टी-शर्टच्या पुढून एक आणि पाठीमागून एक असे दोन निघतात, म्हणजे मोठ्या मापाचे १२ टी-शर्ट पुरतात. पुठ्ठ्याचा १५ इंची चौकोन करून घ्यावा व त्यावरूनच सर्व कापावेत. टी-शर्टची उभी दिशा सर्व चौकोनांत उभीच राहू द्यावी, म्हणजे ताण एका बाजूला येत नाही.

आतला थर आणि खालचा थर एका सुती नऊवारीतून निघतात. नऊवारीची लांबी सुमारे ३२४ इंच असते. तिचे ५८ इंचांचे चार तुकडे करावेत. दोन तुकडे काठाला काठ जोडले की एक थर होतो, दुसऱ्या दोघांचा दुसरा. उरलेल्या ९२ इंचांतून चार इंच रुंदीच्या चार पट्ट्या काढल्या की चारही बाजूंची किनार होते. लुगडे फार विरले असेल तर ते आत घालावे आणि खाली चादर लावावी. बाह्या आणि गळे उरतात, त्यांच्या चिंध्या उशीत भरता येतात.

६. थर आणि टाके

चौकोन आधी चार-चारच्या ओळींत जोडावेत, मग सहा ओळी एकमेकींना जोडाव्यात. मशीन असेल तर जाड टाका ठेवावा व कापड हाताने ओढू नये. नसेल तर हाताने उलट टाका घालावा.

मग स्वच्छ सारवलेल्या अंगणात किंवा सतरंजीवर खालचा थर पसरावा. कोपऱ्यांवर दगड ठेवावेत. त्यावर आतला थर, त्यावर टी-शर्टांचा थर ठेवावा. हाताने मधून कडेकडे सुरकुत्या काढाव्यात आणि वीतभर अंतरावर कच्चे टाके घालावेत. हे काम घाईचे नव्हे. इथे राहिलेली सुरकुती पुढे कायमची राहते.

आता धावदोरा. लांब सुई आणि दुहेरी सुती दोरा घ्यावा. ओळींमध्ये एक इंच अंतर ठेवावे. ५६ इंच रुंदीत सुमारे ५६ ओळी येतात आणि प्रत्येक ओळ ७ फुटांची, म्हणजे एकूण ३९२ फूट टाका. दोरा दुहेरी असल्याने, गाठी व वळणे धरून, ९०० फूट दोरा हाताशी ठेवावा. एकटीने हे काम महिनाभर पुरते. चार जणी चार बाजूंना बसल्या तर काही दुपारीच लागतात. दोन ओळींतले अंतर दोन इंचांवर नेऊ नये, नाहीतर धुताना आतले लुगडे गोळा होते.

टाक्यांची आणखी एक रीत आहे. कर्नाटकात उत्तर कन्नड जिल्ह्यात हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड भागांत सिद्दी लोक राहतात. त्यांचे पूर्वज आफ्रिकेतून आले. त्यांच्यात कॅथलिक, मुसलमान व हिंदू, तिन्ही आहेत. सिद्दी स्त्रिया एका कोपऱ्यापासून सुरुवात करून कडेकडेने टाके घालत गोल फिरतात आणि मध्यभागी येऊन थांबतात. चार कोपऱ्यांवर कापडाची त्रिकोणी घडी लावतात, तिला त्या फुला म्हणतात. फुला नसलेली गोधडी त्यांना उघडीनागडी वाटते. कॅथलिक सिद्दी भगिनी गोधडीत क्रूसही शिवतात. टी-शर्टच्या कामाला ही कडेकडेने जाण्याची रीत सोयीची, कारण कडा आधी पक्क्या होतात व ताण मध्याकडे सरकतो. मात्र मध्ये फुगा येऊ नये म्हणून कच्चे टाके दाट हवेत.

७. स्वच्छता आणि आजार

गोधडी जाड असते, ओली झाली की एका बाईला उचलत नाही, म्हणून ती महिनोन्महिने धुतलीच जात नाही. उपाय म्हणजे तिला जुन्या चादरीची खोळ करावी. खोळ आठ-पंधरा दिवसांनी धुवावी, गोधडी दर आठवड्याला दोन्ही बाजूंनी उन्हात घालावी, आणि थंडी संपल्यावर धुऊन, पूर्ण वाळवून मगच पेटीत ठेवावी. आत दमट राहिली तर बुरशी येते आणि दम्याच्या माणसाचा श्वास कोंडतो. दम्याच्या माणसाच्या गोधडीची धूळ त्याच्यासमोर झटकू नये.

घरात खरूज झाली तर सर्वांनी एकाच वेळी औषध लावावे. अंथरूण-पांघरूण गरम पाण्यात धुवावे. जी गोधडी धुता येत नाही ती पिशवीत घट्ट बांधून किमान तीन दिवस बाजूला ठेवावी. खरजेचा किडा माणसाच्या अंगाबाहेर दोन-तीन दिवसांपेक्षा जास्त सहसा जगत नाही. ढेकणांचे तसे नाही. ते उपाशीपोटी कित्येक महिने राहतात, म्हणून गोधडीच्या शिवणी तपासाव्यात, वाफ किंवा उकळते पाणी द्यावे, आणि खाटेच्या भेगाही साफ कराव्यात. गोधडीवर शेतातले कीटकनाशक मारण्याचा अविचार कोणीही करू नये.

एक गैरसमजही दूर करू. घरात क्षयाचा रुग्ण असला की त्याची गोधडी वेगळी टाकतात, कधी जाळतात. क्षयरोग रुग्णाच्या खोकल्यातून हवेवाटे पसरतो. कपड्यातून, गोधडीतून पसरत नाही. रुग्णाला उघडी खिडकी, तोंडावर रुमाल आणि पूर्ण मुदतीची औषधे हवीत. त्याचे पांघरूण काढून घेण्याने कोणाचेही रक्षण होत नाही, त्याचे मन मात्र मोडते.

तान्ह्या बाळासाठी जाड गोधडी वापरू नये. एक पातळ, धुतलेले सुती दुपटे पुरे. बाळाला पाठीवर निजवावे, पांघरूण छातीपर्यंतच ठेवावे, तोंड व डोके कधीही झाकू नये. आईबापांच्या मोठ्या गोधडीत बाळाला मध्ये घेऊन झोपू नये, श्वास अडकण्याची भीती असते.

८. शास्त्र काय शिकवते

निर्गम ग्रंथात परमेश्वराची एक आज्ञा आहे. गरिबाचे पांघरूण गहाण घेतले असेल तर सूर्यास्तापूर्वी ते परत द्यावे, कारण रात्री अंगावर घ्यायला त्याच्याकडे दुसरे काही नाही, आणि त्याने हाक मारली तर देव ती ऐकेल (निर्गम २२:२६-२७). एका पांघरुणाचीही देवाला काळजी आहे, हे त्यातून कळते. यापो गावची दुर्कस मरण पावली तेव्हा विधवा रडत उभ्या राहिल्या आणि तिने शिवलेले कपडे त्यांनी पेत्राला दाखवले (प्रेषितांची कृत्ये ९:३६-४२). तिच्या विश्वासाची साक्ष तिच्या सुईने दिली.

संत मार्टिन सैनिक असताना त्यांनी आपला झगा तलवारीने कापून अर्धा थंडीने कुडकुडणाऱ्या भिकाऱ्याला दिला. त्यांचा सण ११ नोव्हेंबरला येतो, म्हणजे आपल्याकडे थंडीची चाहूल लागते तेव्हाच. म्हणून आम्ही असे सुचवतो की उन्हाळ्यात, सुगी संपून हात मोकळे असताना व ऊन कडक असताना, प्रत्येक घराने एक गोधडी स्वतःसाठी शिवावी. दोन-तीन घरांनी मिळून एक गोधडी दुसऱ्यासाठी शिवावी आणि ती ११ नोव्हेंबरपर्यंत त्या घरी पोहोचवावी. शेतावर राखण करणारा सालगडी, वीटभट्टीवरचे कुटुंब, एकटी राहणारी म्हातारी, ह्यांपैकी कोणी ना कोणी आपल्या ओळखीचे आहेच. ते ख्रिस्ती आहेत की नाहीत, हे विचारू नये.

देताना मात्र एक पाहावे. जो कपडा आपण स्वतःच्या लेकरावर घालणार नाही, तो गरिबाच्या गोधडीतही घालू नये. फवारणीचा टी-शर्ट दानात गेला म्हणून त्यातले विष कमी होत नाही.

मंडळात विचार करण्यासाठी प्रश्न

१. आपल्या घरी फवारणीचे कपडे कुठे ठेवले जातात, कोण धुते आणि कोणत्या पाण्यात? त्यांवर फुली घालण्याचे काम ह्या आठवड्यात कोण करील?

२. घरात सध्या वापरात असलेल्या गोधड्यांत कोणते कपडे आहेत, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारावे. ज्यांच्याबद्दल शंका आहे, त्या मुलांच्या अंथरुणातून काढाव्यात.

३. आपल्या वस्तीत ह्या थंडीत पुरेसे पांघरूण नसलेले घर कोणते? त्यांच्यासाठी शिवायला कोण कोण बसेल?